कुंपणाबाहेरचा खांदा

येरेमियाला अंतर्गळ होता, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः, आणि दुसरी त्याची बायको एसेरी, जिने जुन्या कांबळ्याचा रुंद पट्टा शिवून दिला होता. रोज सकाळी दाराला कडी लावून तो पट्टा कमरेला आणि जांघेला आवळून बांधायचा, आणि मग दिवसभर छाती काढून चालायचा. दोन वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं. गावात कुणाला पत्ता नाही, असं निदान त्याला वाटत होतं.

लाज तर होतीच. जांघेतलं दुखणं चारचौघांत कोण सांगतो? पण लपवण्याचं खरं कारण लाजेच्याही पलीकडचं होतं. येरेमिया हा एंगोझीचा राखणदार होता.

एंगोझी म्हणजे डोली. वेत आणि रानवेली विणून केलेली, माणूस आडवा मावेल एवढी लांब, दोन्ही अंगांना निलगिरीचे दांडे. न्याकारांबीच्या डोंगरावर कुणी आजारी पडलं, कुणी बाई अडली, कुणाचा पाय मोडला, की त्याला या डोलीत घालून खाली मिशनच्या दवाखान्यात न्यायचं. चार तासांची वाट. मोटारसायकल खालच्या दुकानापर्यंत येते, पण त्या दगडी उतारावर मागे बसलेला धडधाकट माणूससुद्धा देवाचं नाव घेत उतरतो, तिथे पोटात कळ आलेल्याचं काय बोलायचं? आणि त्यापुढे दलदल, तिच्यावर ओंडक्यांचा पूल. तिथे फक्त पाय चालतात.

बेचाळीस घरांची मिळून ही एक डोली होती. प्रत्येक घराने एक खांदा द्यायचा, आणि खांदा म्हणजे खांदाच, त्याच्या बदली दुसरं काही चालत नसे. डोलीपुढे प्रोटेस्टंट, कॅथलिक असला भेद नव्हता, आणि बाजाराजवळचं यूसुफू खाटकाचं एकुलतं एक मुसलमान घरही त्यात होतं. आठवड्यातून एकदा ही माणसं तीन वेगळ्या दारांनी देवाकडे जात. दवाखान्याकडे मात्र सगळ्यांची वाट एकच होती.

डोली येरेमियाच्या घरात, चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली असे. धुरामुळे वेताला कीड लागत नाही. लांब शिंगांच्या गाईचं एक जुनं शिंगही त्याच्याच दाराआड टांगलेलं असायचं. कुणाच्या घरी गरज पडली की तिथलं माणूस धावत येरेमियाकडे येई. येरेमिया अंगणात उभा राहून शिंग फुंकी. सगळ्या डोंगरावरून पुरुष हातातलं काम टाकून त्याच्या अंगणात जमत, आणि सगळे जमले की तो सांगे, "आज अमक्याचं घर." मग डोली उचलून सगळे तिकडे निघत. वाटेत खांदे बदलताना घरांची नावं तो क्रमाने पुकारी, आणि ज्याचं नाव येईल तो "आलो" म्हणून दांड्याखाली शिरे. बेचाळीस नावं त्याला तोंडपाठ होती. स्वतःचं घर तो सगळ्यांत शेवटी पुकारी आणि स्वतःच "आलो" म्हणे. सत्तावीस वर्षांत तो "आलो" एकदाही चुकला नव्हता, आणि याचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या तिन्ही मुलींचा मिळूनही नसेल. थोरल्या जॉयीसकट मुली तळ्यापलीकडे दिलेल्या होत्या. मुलगा नव्हता.

नियमही त्यानेच केला होता. ज्या घराचा खांदा येणार नाही, ते घर डोलीबाहेर. म्हाताऱ्याने मुलगा पाठवावा, विधवेने भाऊ पाठवावा, पण खांदा आलाच पाहिजे. रविवारी चर्चमध्ये प्रवचनकार कारभाऱ्यांबद्दल बोलत, की बाबांनो, हातात आहे ते आपलं नसतं, सांभाळायला दिलेलं असतं, मालक कधीतरी येऊन विचारणारच आहे. हे ऐकताना बाकीचे लोक माना खाली घालत. येरेमिया तेवढा मान वर करून बसे. मालकाने खुशाल यावं आणि विचारावं, अशी त्याची तयारी होती.

बागामुहुंडाचं घर बाहेर पडलं ते याच नियमाने. त्याला सात वर्षं झाली. चाळिशीतला धट्टाकट्टा माणूस, डोंगरावर सगळ्यांत चांगली ज्वारी त्याची. पण दोनदा शिंग वाजलं आणि दोन्ही वेळा त्याचा खांदा आला नाही. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा तो आला, पण बायकोच्या डोक्यावर पिठाचं टोपलं देऊन.

"राखणदार," तो म्हणाला, "माझ्याच्यानं खांदा व्हायचा नाही. पण दर खेपेला सगळ्या माणसांची पेज माझ्या घरची. आंबवून, गाळून, सुक्या पोकळ भोपळ्यांत भरून देईन. कुणी उपाशीपोटी उतरणार नाही."

"खांदा का व्हायचा नाही?"

बागामुहुंडा जमिनीकडे बघत राहिला. "नाही व्हायचा, एवढंच."

"गेल्या महिन्यात लग्नात तर नाचत होतास म्हणे."

"उभा होतो. टाळ्या वाजवत होतो."

"बागामुहुंडा, डोलीला खांदा लागतो, पीठ लागत नाही," येरेमिया म्हणाला.

अंगणात हशा पिकला. येरेमियालाही आपलं वाक्य फार आवडलं. इतकं, की पुढे बुधवारच्या बैठकीतही त्याने ते दोन-तीनदा ऐकवलं. पिठाचं टोपलं आल्या वाटेने परत गेलं, आणि त्या दिवसापासून येरेमियाने नावं पुकारताना काताबाझीच्या घरानंतर एकदम यूसुफूचं घर घ्यायला सुरुवात केली.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडू लागली. शिंग वाजलं की बागामुहुंडा यायचा. अंगणात मात्र पाऊल टाकायचा नाही. निवडुंगाच्या कुंपणाबाहेर हाताची घडी घालून उभा राही, आणि डोली निघाली की वळून आपल्या घराकडे उतरे. ऊन असो, धुकं असो, सात वर्षांत एकही शिंग त्याने सोडलं नाही. लोक म्हणत, मेला मजा बघायला येतो. येरेमियाही तेच म्हणे, आणि त्याच्याकडे मुद्दाम पाठ करून शिंग फुंकी.

बुधवारच्या बैठकीचं सांगायचं राहिलं. येरेमिया आणि एसेरी दोघंही उद्धार पावलेल्यांतले. या मंडळींची रीत अशी, की आठवड्यात झालेलं पाप बैठकीत उभं राहून मोठ्याने सांगायचं, आत ठेवायचं नाही. येरेमिया दर बुधवारी टोपी काढून उभा राही. शेजारणीच्या वाटाण्याचा हेवा वाटला, हे त्याने सांगितलं होतं. बकरीला शिवी दिली, हेही सांगितलं होतं. कांबळ्याच्या पट्ट्याबद्दल मात्र दोन वर्षांत त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. दुखणं म्हणजे काही पाप नव्हे, असं तो एसेरीला समजावी.

"दुखणं पाप नाही," एसेरी म्हणे, "पण त्या पट्ट्यावर दुसऱ्याची बायको वाहून न्यायची, आणि तुमचा पाय लटपटला तर ती दरीत, हे काय आहे?"

"माझा पाय कधी लटपटला?"

"लटपटेल त्या दिवशी सांगा मग, बैठकीत उभं राहून."

तो दिवस गुरुवारचा निघाला, बाजाराचा. सकाळी धुकं वर चढलं होतं आणि येरेमिया बटाट्याच्या वाफ्यात होता. बियाण्याचं पोतं बांधावरून ओढताना जांघेत काहीतरी सटकलं. हे नेहमीचं होतं. नेहमी तो आडोशाला उताणा झोपून, तळहाताने दाबून ते आत सारी आणि पट्टा आवळी. आज त्याने दाबलं, आणि ते गेलं नाही. गाठ दगडासारखी घट्ट लागली. पुन्हा दाबलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो कसाबसा घरी आला, दाराशी बसला, आणि मग गोठ्यामागे जाऊन ओकला.

एसेरीने त्याचा चेहरा बघितला आणि शेंगा सोलणं थांबवलं.

"आत जात नाहीय ना?"

"जाईल. जरा पडतो."

"जॉयीचे बाबा, माझ्या मावसभावाचं हेच झालं होतं. तोही जरा पडतो म्हणाला होता." तिने हात पुसले. "मी शिंग वाजवते."

"वाजवलंस तर बघ."

"बघेन की. विधवा झाल्यावर मला बघायला वेळच वेळ आहे."

"एसेरी, तुला शपथ घातलीय मी. कुणाला सांगायचं नाही."

"सांगायचं नाही अशी घातलीत. वाजवायचं नाही अशी कुठे घातलीत?"

तो पुन्हा गोठ्यामागे ओकायला गेला आणि तेवढ्यात शिंग वाजलं. बाईच्या फुंकरीचं, मध्येच तुटणारं, पण वाजलं खरं. येरेमिया भिंतीला धरून अंगणात आला तोवर पलीकडच्या उतारावरून पहिली माणसं धावत निघाली होती. परतवायची सोय उरली नाही. तो उंबऱ्यावर बसला, एक हात खिशात घालून, जांघेवर दाबून.

पाव तासात अंगण भरलं. कुणी कुदळीसकट आला होता, कुणी बाजाराचे कपडे घालून. यूसुफू खाटीक सुरी पुसत आला. तरणा काताबाझी नेहमीसारखा सगळ्यांत पुढे होता. तो सरळ घरात शिरला आणि माळ्यावरून डोली काढून बाहेर घेऊन आला.

"कुणाचं घर, बाबा?" त्याने विचारलं.

येरेमियाने खिशातला हात आणखी दाबला.

आता यात त्या लोकांचा काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं शिंग याच अंगणातून वाजत होतं आणि रुग्ण दर वेळी दुसऱ्याच घरात असायचा. त्यामुळे राखणदार पांढराफटक पडून उंबऱ्यावर बसलेला समोर दिसत असूनही, चाळीस माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की रुग्ण हाच आहे. सगळे आपले वाटेकडे, डोंगराकडे, एकमेकांकडे बघत होते.

"तिबामान्याची सून अडली असेल," एकजण म्हणाला.

"माझी सून? ती बाजारात माझ्या पुढे चालत होती!"

"मग वरच्या म्हातारीचं असेल. धावा रे वर!"

दोन पोरगे खरंच वर पळत सुटले. एसेरी शिंग हातात घेऊन दाराशी उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. "शिंग मी वाजवलं," ती सगळ्यांना म्हणाली. "का वाजवलं ते हे सांगतील."

सगळी तोंडं येरेमियाकडे वळली. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण बोललो, की राखणदाराचा खांदा मोडला हे सगळ्यांना कळणार. मुलगा नाही. आपलं घर शेवटी पुकारायचं ते गळणार. नियम आपलाच. आपल्याच तोंडाने आपलं घर डोलीबाहेर घालवायचं, त्यापेक्षा संध्याकाळपर्यंत गाठ आत जाईलच, देव दयाळू आहे. आणि बैठकीत शिवीसुद्धा न लपवणारा तो माणूस, भर अंगणात, भर दिवसा, खोटं बोलला.

"चुकून वाजलं," तो म्हणाला. "कुणाचंच घर नाही. जा."

लगेच कुरकुर सुरू झाली.

"चुकून? मी अर्धं पोतं बाजारात उघडं टाकून आलोय!"

"एसेरीकाकी, बकरीला हाक मारायची होती तर नावाने मारायची की."

हसत, वैतागत माणसं पांगू लागली. काताबाझीने डोली उचलून परत आत न्यायला घेतली. एसेरीचे डोळे भरून आले होते, पण शपथ म्हणजे शपथ, आणि नवऱ्याच्या जांघेतली गोष्ट पुरुषांच्या मेळ्यात बायकोने उघड करायची म्हणजे तिलाच मेल्याहून मेल्यासारखं. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की तो दिवस मावळला असता तर आतडं काळं पडलं असतं आणि मग कुणाचाच इलाज चालला नसता. हे तेव्हा अंगणात कुणाला माहीत नव्हतं. येरेमियाला थोडंसं होतं.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून आवाज आला.

"डाव्या बाजूला आहे का उजव्या?"

बागामुहुंडा नेहमीच्या जागी उभा होता. पण आज हाताची घडी सुटलेली होती, आणि तो कुंपणाला अगदी लागून, येरेमियाच्या खिशातल्या हाताकडे बघत होता.

सात वर्षांत तो पहिल्यांदा बोलला होता, म्हणून निघालेली माणसंही थांबली. प्रश्न कुणालाच कळला नाही. येरेमियाला कळला.

"काय डाव्या-उजव्या?" तो उगाच म्हणाला.

"माझं उजव्या बाजूला होतं," बागामुहुंडा म्हणाला. त्याचा आवाज वर चढला नव्हता. "मीही असाच बसायचो. असाच हात खिशात घालून. बायको म्हणायची, खिशाला भोक पडेल."

"कधी?" येरेमियाने विचारलं. उत्तर त्याला आधीच समजलं होतं.

"पीठ घेऊन आलो होतो, तेव्हा."

टोपलं बायकोच्या डोक्यावर का होतं, लग्नात तो नुसता उभा राहून टाळ्या का वाजवत होता, जमिनीकडे का बघत होता, हे सगळं एका दमात त्याच्या अंगावर आलं. जे आपण दोन वर्षं लपवलं, तेच हा माणूस लपवत होता, आणि तरी रिकाम्या हाताने आला नव्हता. आणि आपण त्याच्या पिठावर लोकांना हसवलं.

"मग तू... कुठे..."

"दवाखान्यात. कापून शिवलं. सहा वर्षं झाली, आता बैल अंगावर घेईन."

"गेलास कसा?"

"चालत." बागामुहुंडाने खांदे उडवले. "डोली नव्हती ना मला. सकाळी निघालो, दिवस कलता पोचलो. दर शंभर पावलांवर उताणा पडायचो. लोकांना सांगितलं, किसोरोला लग्नाला चाललोय. आता तुझी वेळ आहे आणि तू चुकून वाजलं म्हणतोस. माझं तरी चालत जाण्यासारखं होतं, राखणदार. तुझं तोंड बघून वाटतं, तुझं नाही."

यूसुफू एव्हाना जवळ येऊन बसला होता. तो खाटीक, आतड्यांतलं त्याला कळायचं. त्याने येरेमियाचा खिशातला हात अलगद बाजूला केला, विजारीवरूनच बोटांनी गाठ चाचपली आणि भुवया चढवल्या.

"किती वर्षं?"

"दोन."

"आणि दोन वर्षं तू दांड्याखाली येत होतास?" यूसुफू वैतागला. "येरेमिया, हे अंग तुझं आहे का?"

"मग कुणाचं?"

"वापरायला मिळालेलं आहे. शेजाऱ्याची कोयती उसनी आणलीस आणि दांडा मोडला, तर लपवून ठेवशील? सांगशील ना त्याला? डोलीला धूर देतोस, वेत तेलाने पुसतोस, आणि हे असं ठेवलंस? हिचा राखणदार तेवढा तू, आणि याचा कोण?"

येरेमिया उठायला लागला. एसेरी सावरायला पुढे आली, तिचा हात त्याने घेतला, आणि वाकलेला का होईना, उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली. बुधवारी धरायचा तशीच.

"भावांनो," तो म्हणाला. "शिंग चुकून वाजलं नाही. मी खोटं बोललो. मला अंतर्गळ आहे. डाव्या बाजूला. आज तो आत जात नाहीय."

थांबलेली माणसं परत अंगणात आली.

"दोन वर्षं मी पट्टा बांधून खांदा दिला. तुम्हाला वाटलं, म्हातारा किती देतो. मी देत नव्हतो. माझ्या घराचं नाव गळू नये म्हणून धरून बसलो होतो." एक कळ आली, ती त्याने दात खाऊन जाऊ दिली. "आणि हा बागामुहुंडा. त्याला जे होतं तेच मला आहे. त्याने जे जमेल ते आणलं, मी हसून परत पाठवलं. डोलीला पीठही लागतं. मी शहाणपणा केला. हा चार तासांची वाट एकटा गेला, आणि मी इथे बसून कारभाऱ्याचं प्रवचन ऐकत होतो. नियमाप्रमाणे आज माझंही घर बाहेर आहे. मला न्या म्हणायचा मला हक्क नाही. पण मला मरायचं नाहीय."

एसेरी तोंडाला पदर लावून रडत होती. शेवटी तिबामान्या, ज्याची सून लोकांनी उगाच अडली ठरवली होती, तो घसा साफ करत म्हणाला, "म्हणजे आज शिंग बरोबर घरी वाजलं म्हणायचं. आणि आपण चाळीस शहाणे इथे उभं राहून विचारतोय, कुणाचं घर!"

सगळे हसले, एसेरीसुद्धा रडता रडता हसली, आणि मग भराभरा हात चालू लागले. काताबाझीने डोली खाली ठेवली. कुणी गवत पसरलं, कुणी कांबळं आणलं. येरेमियाला आडवं करताना त्याची नजर कुंपणाकडे गेली. बागामुहुंडा अजून बाहेरच होता. एवढं सगळं बोलून झाल्यावरही त्याने कुंपण ओलांडलं नव्हतं. त्याला कुणी तरी आत बोलवायला हवं होतं, आणि ते बोलवणारं तोंड एकच होतं.

"बागामुहुंडा, आत ये," येरेमिया म्हणाला. "सात वर्षं उभा आहेस."

"पाय दुखले खरे," बागामुहुंडा म्हणाला, आणि अंगणात आला.

डोली निघाली. मागे बायका कपड्यांचं गाठोडं आणि पेजेचे भोपळे घेऊन. एसेरी त्यांच्या पुढे डोलीला धरून चालत होती. पहिल्या उतारापर्यंत येरेमियाने कुणाला सुखाने चालू दिलं नाही.

"डावा दांडा खाली घ्या. त्या दगडावर नको, पाय सटकतो. काताबाझी, घाई करू नकोस."

"बाबा, आज तुम्ही ओझं आहात," काताबाझी धापा टाकत म्हणाला. "ओझ्याने बोलायचं नसतं."

"मग नावं कोण पुकारणार?"

हा प्रश्न खराच होता. बेचाळीस नावं त्याच्याच डोक्यात होती. उंबराच्या झाडाशी पहिला बदल आला तेव्हा सगळे त्याच्याकडेच बघू लागले. मग येरेमिया उताणा पडल्यापडल्या, वर ढगांकडे बघत पुकारू लागला. तिबामान्याचं घर. आलो. ब्यारुगाबाचं घर. आलो. दर नावाला एक खांदा निघून दुसरा येई, आणि डोली तेवढ्यापुरती किंचित हले. हे हलणं त्याने कधी अनुभवलं नव्हतं. दांड्याखालून ते कळत नाही. सत्तावीस वर्षं आपण माणसांना वाहिलं, आणि त्यांना काय वाटत असेल हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. वाटत होती भीती. आणि त्या भीतीखाली, दर वेळी, कुणीतरी येतच होतं.

दुकान मागे पडलं. काताबाझीचं घर, असं तो म्हणाला, आणि नेहमीच्या सवयीने पुढे यूसुफूचं नाव तोंडात आलं. ते त्याने गिळलं.

"बागामुहुंडाचं घर."

"आलो."

डोली हलली आणि स्थिर झाली. तो खांदा इतरांपेक्षा उंच होता, त्यामुळे डावी बाजू थोडी वर आली. यूसुफू पुढच्या वळणावर नुसतं म्हणाला, "आता क्रम बरोबर लागला."

दलदलीवरचा पूल ओलांडेपर्यंत येरेमियाचे ओठ सुकले होते. एसेरीने बोट ओलं करून ते पुसले. दवाखान्याचं लाल पत्र्याचं छप्पर समोरच्या चढावर दिसायला लागलं. चढ फार नव्हता, पण सगळ्यांची दमछाक झाली होती, आणि शेवटचा बदल इथेच असायचा. सगळी घरं झाली होती. राहिलं होतं ते एकच.

"येरेमियाचं घर," त्याने सवयीने पुकारलं.

आणि त्याला ऐकू आलं, की आपण काय म्हणालो. यापुढचा शब्द नेहमी त्याचाच असायचा. चाळीस माणसं डोलीभोवती थांबली. कुणाच्या लक्षात आधी आलं नव्हतं, आता एकदम सगळ्यांच्या आलं. एसेरीने हातातला भोपळा घट्ट धरला. येरेमियाने डोळे मिटून घेतले, कारण नियम त्याचाच होता, आणि या घरातून यायला कुणी नव्हतं.

डोली किंचित हलली. डावी बाजू थोडी वर आली.

"आलो," बागामुहुंडा म्हणाला. "चला, चढ आहे."